चार दहा ते चार पन्नास

१

रोज सकाळी दहाला तळघरात उतरायचं. मळक्या चादरींच्या गाड्या ओलांडून कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप काढायचं, स्क्रीनवरची धूळ बाहीनं पुसायची, एक ओळ टाइप करायची आणि डिस्क किती टक्के भरली तो आकडा वहीत लिहायचा. एवढंच काम. आठवीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसालाही जमेल असं, दादा म्हणायचा, आणि म्हणताना धाकट्याच्या डोक्यात टपली मारायचा.

दादा या दवाखान्याचा कॉम्प्युटरवाला होता, धाकटा वायरमन. बल्ब, पंखे, फ्यूज हे धाकट्याकडे आणि अक्कल लागेल ते सगळं दादाकडे, अशी वाटणी दोघांनी हसत हसत करून टाकली होती. मग दादाच्या छातीत पाणी झालं आणि तो तिसऱ्या मजल्यावर, खोली नऊमध्ये, पेशंट होऊन झोपला. तेव्हा तळघराची किल्ली धाकट्याकडे आली. दादा गेला तरी ती त्याच्याकडेच राहिली. कुणी मागितली नाही, त्यानं दिली नाही.

तळघरातलं यंत्र घंटांचं होतं. वरच्या प्रत्येक खाटेशी वायरला लटकणारं एक बटण असतं. पेशंटनं ते दाबलं की सिस्टरांच्या टेबलावर घंटा वाजते. मधे हे यंत्र. कोणत्या खोलीतून किती वाजता कॉल आला, कोण केव्हा गेलं, हे सगळं ते एका फाइलीत लिहून ठेवतं. तिला लॉग म्हणतात.

"यंत्राची रोजनिशी रे," दादानं समजावलं होतं. "फक्त याला आवरतं घेणं ठाऊक नाही. लिहीत सुटतं. डिस्क भरली की यंत्र ठप्प, आणि यंत्र ठप्प की सगळ्या घंटा मुक्या."

तीन आठवड्यांच्या रजेनंतरचा तो पहिला सोमवार होता. आकडा एरवी तीसच्या आगेमागे असायचा. त्या दिवशी सत्तावन्न होता.

धाकट्यानं सत्तावन्न लिहिलं, पेन कानावर अडकवलं आणि जाडजूड झालेली फाइल शोधून उघडली. सगळ्या ओळी एकसारख्या.

खोली ९. कॉल. दुपारी ४:१२.

खोली ९. कॉल. दुपारी ४:१२.

स्क्रीनच्या तळाशी यंत्र आत्ता लिहीत असलेली ओळ दिसत असते. तिथेही तेच. अक्षरं जागच्या जागी थरथरत होती, इतक्या झपाट्यानं एकावर एक ओळ येत होती.

खोली नऊ रिकामी होती. रंगकाम काढायचं म्हणून तिथली खाटसुद्धा हलवली होती. आणि भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तारखेकडे त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार.

२

त्या मंगळवारी काय झालं ते धाकट्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी डिस्क काठोकाठ भरत आली होती. दादानं खाटेवरून बजावलं होतं, "यंत्र चालू ठेवूनच फाइल रिकामी कर. बंद करू नकोस. आणि घाई करू नकोस बाबा, तुला घाईची खोड आहे." तीन ओळी टाइप करायच्या होत्या. धाकट्याच्या दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा चुकल्या तेव्हा त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि यंत्राचं बटण सरळ दाबून धरलं. बंद करून चालू करू, पाच मिनिटांचा खेळ, कुणाला कळतंय!

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

यंत्र चालू होईना. काळ्या स्क्रीनवर एक रेघ लुकलुकत राहिली.  वर जाऊन दादाला विचारावं, तर दादा शिव्या घालणार. म्हणून तो खालीच थांबला, वायरी उपसत, खोचत, पुन्हा उपसत. चार पन्नासला यंत्र एकदाचं घुरघुरलं. शिट्टी मारत तो जिना चढला. नऊ नंबरच्या दारात सिस्टर उभ्या होत्या आणि त्यांनी त्याला दोन्ही हातांनी अडवलं.

झोपेतच गेले, असं सगळे म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली, साडेचारच्या सुमारास. बटण उशाशीच होतं. त्रास झाला असता तर दाबलं नसतं का? घंटा वाजली नाही, म्हणजे त्रास झाला नाही.

वहिनी या एका गोष्टीवर जगत होती. रोज संध्याकाळी ती ते वाक्य नव्यानं म्हणायची. "हाक मारायची पाळीच आली नाही रे त्यांच्यावर. अलगद सुटले." आणि समोर बसलेला धाकटा मान डोलवायचा. मान डोलवून डोलवून त्याची मानगूट दुखायला लागली होती.

३

"कॉल लटकलाय," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. तो कुठेतरी गच्चीवर असावा, वारा फोनमध्ये घुसत होता.

"लटकलाय म्हणजे?"

"म्हणजे बटण दाबलं गेलं आणि जाऊन कुणी बंद केलं नाही. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर हिरवं बटण असतं ना? कॉल तिथूनच बंद होतो. टेबलावरून नाही, तळघरातून नाही. माणसानं पेशंटपाशी जाऊनच बंद करायचा. मुद्दाम तसं बनवलंय. नाहीतर लोक बसल्या जागेवरून बंद करतील आणि गप्पा हाणत बसतील."

"आणि समजा... यंत्र बंद होतं तेव्हा कुणी दाबलं असेल तर?"

"भिंतीवरचा डबा लक्षात ठेवतो. मागाहून पाठवतो सावकाश, नुसती नोंद म्हणून, घंटा न वाजवता. शेवटचे दोनशे राहतात त्याच्यात."

"दोनशेच?"

"दोनशेच. का, तुझ्याकडे किती आलेत?"

धाकट्यानं ओळींचा आकडा पाहिला. त्याला तो नीट वाचताही येईना. आठ अंक होते.

"जास्त आलेत थोडे."

"मग वायर खराब. जा वर, हिरवं बटण दाब, विषय संपला. दोन मिनिटांचं काम. नाहीतर पुढच्या सोमवारी मी येतोच आहे."

"सोमवारीच या," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला.

खोली नऊच्या दारावरून जावं लागू नये म्हणून तो सकाळपासून पलीकडच्या जिन्यानं चढत-उतरत होता.

वायर खराब. हे त्याला आवडलं. वायरीचं त्याला कळत होतं. ओल धरली असेल, उंदरानं कुरतडली असेल, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील. तारा चिकटल्या की बटण दाबल्यासारखंच होतं. एका सेकंदात शेकडो वेळा बटण दाबणारा अंगठा जगात आहे का? नाही ना? मग हा माणूस नव्हे. हा शॉर्ट आहे. शॉर्टला कुणी रडत नाही.

४

मंगळवारी आकडा सदुसष्ट. तळाच्या ओळीत ४:२१.

धाकट्यानं शिडी घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्याच्या टोकाला, खोली नऊपासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब राहून, छतालगतची जोडपेटी उघडली. नऊ नंबरची वायर ओळखली, स्क्रू ढिले केले, दोन्ही तारा उपसून टोकांना टेप गुंडाळली. आता त्या खोलीतून मुंगीसुद्धा यंत्रापर्यंत येऊ शकत नव्हती. पायऱ्या दोन-दोन उतरत तो तळघरात आला.

खोली ९. कॉल. दुपारी ४:२१.

ओळी येतच होत्या. त्यानं जोडपेटी पुन्हा जाऊन तपासली. तारा लोंबत होत्या, टेप जागच्या जागी होती. तो खाली आला. ओळी येतच होत्या.

मग त्याचं डोकं फिरलं. त्यानं ती फाइलच पुसून टाकली. अख्खी. नाव, गाव, सगळं. स्क्रीनवरून फाइल नाहीशी झाली आणि त्याला क्षणभर हायसं वाटलं. मग त्यानं रोजची ओळ टाइप केली. सदुसष्ट टक्के.

दादानं हे सांगितलं होतं खरं, पण तेव्हा धाकट्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं. पुसली की फाइल दिसेनाशी होते, एवढंच. कॉल चालू आहे तोवर यंत्र तिच्यात लिहीतच राहतं. जागा अडलेली ती अडलेलीच. उलट आता ती उघडून बघायचीही सोय गेली. उरली फक्त तळाची ती थरथरती ओळ.

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तर जागा मोकळी झाली असती. बटण हाताशीच होतं. धाकट्यानं हात मागे घेऊन खिशात कोंबला. ते बटण तो आयुष्यात पुन्हा दाबणार नव्हता.

बुधवारी सत्त्याहत्तर टक्के. ४:३०.

त्याला वाटलं, आता थांबेल. कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात साडेचार लिहिलं होतं, सही होती, शिक्का होता. म्हणजे वायर असो, डबा असो, नाहीतर आणखी काही असो, साडेचारच्या पुढे काही असायचं कारण नव्हतं. तो स्टुलावर बसून बघत राहिला. बाहेर चादरींच्या गाड्या खडखडत गेल्या, परत आल्या. ४:३० बराच वेळ टिकलं. एक तास झाला, दोन झाले. पोटात कावळे ओरडले तरी तो उठला नाही. पावणेतीन तासांनी, त्याच्या डोळ्यांदेखत, शून्याच्या जागी एक आला.

४:३१.

५

गुरुवारी सत्त्याऐंशी. ४:३९.

हिशेबात तो कच्चा होता, पण एवढा हिशेब कुणालाही जमला असता. दिवसाला दहा टक्के, दिवसाला नऊ मिनिटं. दोन्ही आकड्यांना शुक्रवारी दुपारी संपायचं होतं. डिस्क भरणार आणि त्याच सुमाराला तिकडे चार पन्नास वाजणार. म्हणजे धाकट्यानं यंत्र पुन्हा चालू केलं ती वेळ. त्याच्या पुढे काय?

तो खोली दहामध्ये पंख्याचा कंडेन्सर बदलायला गेला. तिथे मास्तर असायचे. फुप्फुसं थकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, जीभ मात्र शाबूत.

"या वायरमन! माझी घंटा वाजते का बघा जरा. सिस्टर म्हणतात, मास्तर, तुम्ही दिवसाला चाळीस वेळा दाबता. साफ खोटं. मी मोजतो. एकोणचाळीस."

धाकटा हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"हसू नकोस. ही नळी मधेच सटकते. ही घंटा आहे म्हणून मी आहे. त्या मंगळवारी वाजली नाही तेव्हा माझे कसे हाल झाले, मला विचार. अर्धा तास दाबत होतो. चादर ओली झाली शेवटी. सिस्टर म्हणतात, तुम्ही दाबलंच नाहीत. जन्मभर पोरांच्या थापा पकडल्या मी, आणि मीच थापाड्या ठरलो!"

धाकट्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो वाकून शोधू लागला, खाटेखाली, कोपऱ्यात, हवा त्यापेक्षा जास्त वेळ.

"आणि वर हा पलीकडचा ठोकाठोक करत होता," मास्तर भिंतीकडे हात करून म्हणाले. ती भिंत खोली नऊची होती. "म्हटलं, अरे बाबा, माझीच घंटा वाजत नाही, तुझ्याकडे कोण येणार? मीही ठोकलं उलट. तो थांबला थोडा. मग पुन्हा सुरू."

धाकटा खाटेखालीच थिजला. मास्तरांना माहीत नव्हतं पलीकडे कोण होतं. व्हरांड्यात कोणाचं काय झालं हे पेशंटांना सांगत नाहीत.

"मास्तर, किती वाजले होते?"

"चहा यायचा होता. पण एक सांग, या रंगाऱ्यांचं काम संपणार कधी? या आठवड्यात दिवसभर तेच. टक, टक, टक. डोकं उठलंय माझं."

रंगारी अजून आलेच नव्हते.

त्या संध्याकाळी वहिनीनं ताट वाढलं आणि रोजचं वाक्य म्हटलं. धाकट्यानं मान डोलवली नाही. वहिनी थांबली. "काय रे?" तिनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

६

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला त्यानं सिस्टरांना तळघरात बोलावलं. तिसऱ्या मजल्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. धिप्पाड बाई, चाल अशी की त्या येताहेत हे पेशंटांना दोन खोल्या आधी कळायचं.

"तोंड बघ काय झालंय तुझं! जेवलास का?"

"सिस्टर, त्या मंगळवारी मी यंत्र बंद केलं होतं. चार दहा ते चार पन्नास. तुमच्या मजल्यावरच्या सगळ्या घंटा बंद होत्या."

ते त्यानं एका दमात सांगितलं, फ्यूज उडाल्याचं सांगावं तसं. सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"मास्तरांना मी खोटं पाडलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांदेखत. त्यांच्या मुलाला सांगितलं, वडिलांना आता आठवत नाही, सांभाळून घ्या म्हणून."

"सिस्टर, मी..."

"गप्प बस. तुला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन, आणि चांगलंच बोलेन. वहिनीला सांगितलंस?"

"नाही."

"सांगायचंस. मी नाही सांगणार, तूच सांगायचंस." त्यांनी चष्मा पुसून स्क्रीनकडे पाहिलं. "आणि हे काय? चार एकोणपन्नास? आत्ता तर तीन वाजतायत."

"तिकडे चार एकोणपन्नास वाजलेत."

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. त्यांनी ते तसंच मानून घेतलं. नोकरीत त्यांनी बरंच काही पाहिलं असावं, किंवा त्यांना एवढंच कळलं असावं की डिस्क नव्याण्णव टक्के भरलीय आणि वर बावीस पेशंट आहेत.

"मी जाऊन हिरवं बटण दाबतो," धाकटा म्हणाला. "तुम्ही इथे बसून फोनवर सांगत राहा, थांबतंय का ते."

"एवढंच होतं तर चार दिवस काय करत होतास?"

 तो जिना चढला. आधी त्यानं जोडपेटीतल्या तारा पुन्हा जागच्या जागी जोडल्या. एक स्क्रू दोनदा बसवावा लागला. मग व्हरांड्यातून चालत तो नऊ नंबरच्या दारापाशी आला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतून आवाज येत होता. टक. टक. टक.

७

वायरमनला आवाज कळतात. रिलेचा आवाज वेगळा, तडकणाऱ्या ठिणगीचा वेगळा. हा बटणाच्या स्प्रिंगचा होता. आत जातानाचा टक, बाहेर येतानाचा बारीकसा चिक.

त्यानं दार ढकललं.

खोलीत काही नव्हतं. खाट जिथे होती तिथे फरशीवर चाकांचे चार काळपट डाग. खिडकीला पडदा नाही, त्यामुळे ऊन थेट भिंतीपर्यंत आलेलं. भिंतीवर डबा, डब्यावर पेटलेला बारीक दिवा आणि हिरवं बटण, आणि डब्यातून निघालेली पांढरी वायर. ती वायर खाली लोंबत असायला हवी होती.

ती आडवी होती.

भिंतीपासून चार हात पुढे, उशीच्या उंचीवर, हवेत ताठ ताणलेली. तिच्या टोकाला ते पेरूएवढं बटण. ते आत जात होतं, बाहेर येत होतं. आत, बाहेर. त्याच्याभोवती काही नव्हतं. समोरची भिंत आरपार दिसत होती, तिच्यावरचा ओलीचा डागसुद्धा.

धाकट्याच्या डोक्यानं कारणं शोधली. वायर जुनी झाली की कडक होते. गुंडाळून ठेवली की वाक धरते. डोकं कारणं देत होतं आणि पाय आपले पुढे चालले होते.

"पोचलास का?" खिशातल्या फोनच्या स्पीकरवरून सिस्टर विचारत होत्या. "अजून येतायत ओळी. चार एकोणपन्नासच आहे."

"दादा," धाकटा म्हणाला. "आलो मी."

टक झालं. चिक झालं नाही.

बटण आत गेलं ते आतच राहिलं. कुणीतरी ते घट्ट दाबून धरावं, इतकं घट्ट की नख पांढरं पडावं, तसं. वायर ताणून सुतासारखी सरळ झाली.

"अरे, आता तर धो धो येतायत!" सिस्टर ओरडल्या. "काय केलंस तू?"

धाकट्यानं हात पुढे केला आणि बटणाभोवती मूठ वळली. प्लास्टिक होतं, रोज हाताळतो तसलं. पण त्याला वजन होतं. दमलेल्या माणसाचा हात आपल्या हातात विसावला की जेवढं येतं तेवढं. ते वजन हळूहळू वाढत गेलं, विश्वासानं, जसं काही आता सांभाळणारा आला होता. धाकट्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला. त्यानं तो दाबला नाही. मूठ सोडली नाही.

"मास्तरांचा कॉल आलाय," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "लाल ओळ आलीय, डिस्क भरली. खोली दहा, नोंद करता आली नाही, असं दाखवतंय. टेबलावर वाजलं नसणार. ऐकतोयस ना? दाब ते हिरवं बटण!"

हिरवं बटण भिंतीवर होतं. त्यानं दुसरा हात लांबवला. वीतभर कमी पडला. खांदा ताणला, चवड्यांवर उभा राहिला, तरी चार बोटं कमीच. ओढलं तरी हातातलं बटण जागचं हलत नव्हतं, मूठ सोडल्याशिवाय तिथे पोचता येत नव्हतं. आणि हिरवं बटण दाबलं की हा कॉल संपणार होता.

भिंतीपलीकडून मास्तरांनी ठोकलं. एकदा, मग दोनदा, मग नुसतंच खरवडल्यासारखं.

"दादा, ते मास्तर आहेत," धाकटा भराभर बोलला. "त्यांची नळी सटकली असेल. आत्ता येतो. इथेच आहे मी. आत्ता येतो."

त्यानं मूठ उघडली, एक पाऊल टाकलं आणि हिरवं बटण दाबलं.

डब्यावरचा दिवा विझला. पलीकडे व्हरांड्यात मास्तरांची घंटा खणखणली आणि कुणाचे तरी बूट धावत गेले. भिंतीपलीकडे बोलणं ऐकू आलं, खोकला ऐकू आला, आणि मग मास्तरांची शिवी, चांगली ठणठणीत.

"थांबलं!" सिस्टर म्हणाल्या. "एकदम थांबलं रे. चार पन्नासला शेवटची ओळ. आणि हा आकडा उतरतोय बघ... साठ... चाळीस... एकतीस. झालं, जागा मोकळी झाली." त्यांनी मोठा श्वास सोडला. "ये खाली. तुझ्याशी बोलायचंय मला."

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. वळायचं धाडस त्यानं हळूहळू गोळा केलं.

बटण बाहेर आलेलं होतं. आता कुणी ते दाबत नव्हतं. यंत्र काही लिहीत नव्हतं, खाली कुणाला काही दिसत नव्हतं. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

वायर खाली पडली नव्हती. उन्हात ती तशीच आडवी, ताठ होती, आणि तिचं टोक किंचित वर जात होतं, किंचित खाली येत होतं. श्वास घेतल्यासारखं.

"अरे, ऐकतोयस ना? येतोयस ना खाली?"

"येतो," धाकटा म्हणाला, आणि त्यानं दार आतून लावून घेतलं.